तिच्या वतीनं

“वाफवाले, झोपलात का? इस्त्री गार पडली आमची.”

हा आवाज पहिल्यांदा कानावर आला तेव्हा आवाजाची धनीण दिसली नव्हती. धुलाई कारखान्यात बॉयलरची खोली एकीकडे, इस्त्रीचं लांबलचक दालन दुसरीकडे, आणि मधल्या भिंतीला नळ जाण्यापुरतं भोक. त्या भोकातून वाफ पलीकडे जायची आणि पलीकडच्या बायकांची बोलणी अलीकडे यायची. कुणाची सासू, कुणाचं पोर, कुणाचा गुडघा. बॉयलरवरचा तरणा माणूस दाबाच्या काट्यावर नजर ठेवून सगळं ऐकायचा. पण त्या दिवशी कुणीतरी भोकाला तोंड लावून थेट त्यालाच हाक मारली. आवाज नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा होता, वरून कडक आणि आत ऊब.

“झोपलो नाही, वाट बघतोय,” त्यानं भोकातून सांगितलं.

“कशाची?”

“कुणी हाक मारण्याची.”

पलीकडच्या सगळ्या बायका एकदम हसल्या. ती मात्र हसली नाही, म्हणाली, “मग मारली की. आता वाफ सोडा.”

लग्नानंतरही तिनं हाक बदलली नाही. घरात वाफवाले, बाजारात वाफवाले, चारचौघांत भांडताना तर हमखास वाफवाले. लेक लहान असताना शाळेत वडिलांचं नाव विचारलं, तर पोरगी ‘वाफवाले’ असं सांगून आली होती. पुढे कारखाना बंद पडला, बॉयलर भंगारात गेला, तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव लागलं नाही. आणि तीही इस्त्रीवालीच राहिली.

तिचं सगळं तारुण्य उभ्यानं गेलं. समोर इस्त्रीचं यंत्र, त्याचा जबडा उघडायचा, सदरा ठेवायचा, जबडा मिटायचा, की फुस्स करून तोंडावर वाफ. त्या वाफेत डाग काढायच्या औषधाचा गोडसर, डोकं दुखवणारा वास. बायका एका ओळीत उभ्या, आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाणं चालायचं. तिनं जुळवलेल्या ओळी सगळ्यांच्या तोंडी असायच्या:

परक्यांचे सदरे, माझ्या हाती गुळगुळीत
माझ्या जिवाची सुरकुती, तशीच गं घडीत

वाफवाले भिंतीला पाठ टेकून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आज बायका खुशीत आहेत.

खोकला आधी पाहुण्यासारखा आला. दोन दिवस राहिला, गेला. मग पुन्हा आला, मग घरचाच झाला. म्हातारपणी ती जिना चढताना मध्येच थांबायची आणि कठड्याला धरून सांगायची, “दम लागला म्हणून नाही थांबले. तुम्ही मागं पडलात म्हणून थांबले.” वाफवाले तिच्या दोन पायऱ्या पुढं असायचे, तरी मान हलवायचे.

यंदाची थंडी ओसरत होती, तेव्हा ती एका सकाळी उठलीच नाही.

घरातच झालं सगळं. गल्लीतला डॉक्टर आला, त्यानं मनगट धरलं, सोडलं, कागद लिहून दिला. मोठ्या दवाखान्यात, जिथं ती छाती दाखवायला जायची, तिथं कुणी कळवलं नाही. कळवायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. लेकीला फोन केला तो शेजारच्या धाकलीनं. धाकली म्हणजे इस्त्रीच्या ओळीतली सगळ्यात लहान पोर, आता तिचेही केस पांढरे झाले होते, पण नाव धाकलीच. दारात येणाऱ्याजाणाऱ्यांना तीच सांगायची, कसं झालं, केव्हा झालं. वाफवाले खुर्चीत बसून मान हलवायचे. ते एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

लेक आठवडाभर राहिली. जाताना म्हणाली, “बाबा, आईचा फोन बंद करून टाकू का?”

“राहू दे.”

“कशाला पण?”

“असू दे गं. कुणाचा येईल बिईल.”

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग फोन होता तिथं ठेवला. तेव्हापासून वाफवाले रोज तो फोन चार्जिंगला लावायचे. तिचं एवढंच एक काम आता त्यांच्याकडे उरलं होतं.

*

फोनमध्ये मोठ्या दवाखान्याचं अ‍ॅप होतं. तपासणीच्या तारखा, औषधांची आठवण, असलं काही त्यावर यायचं. ती असतानाही एकदा एक मेसेज आला होता, ‘आपण आमच्या संशोधनात सहभागी होण्यास पात्र ठरू शकता. अधिक माहितीसाठी येथे दाबा.’ ती चष्मा सारून म्हणाली होती, “पात्र म्हणे. भांडं आहे का मी?” आणि तिनं दाबलं ते पुसून टाकायचं बटण. गल्लीत सगळ्यांनी तेच केलं. असल्या भाषेत येतं ते बिल तरी असतं नाहीतर फसवणूक तरी, असं सगळ्यांचं ठाम मत होतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी सकाळी फोन टिंग वाजला. वाफवाले दाढीचा साबण तोंडाला लावून उभे होते. तसेच गेले. मेसेज तिलाच होता, पण या वेळी लिहिणारं माणूस निराळं होतं.

‘नमस्कार. तुम्ही धुलाईच्या कामात होतात असं तुमच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. वर्षानुवर्षं वाफेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या छातीचं पुढं काय होतं, हे आम्हाला नीट माहीत नाही. कारण आजवर कुणी त्यांना विचारलंच नाही. श्वासाची औषधं दुसऱ्याच माणसांवर बेतून तयार झाली, आणि दिली मात्र तुम्हाला. आम्हाला हे बदलायचं आहे. त्यासाठी तुमची गरज आहे. घाई नाही. आधी एवढंच सांगा, आज श्वास कसा आहे?’

साबण गालावर वाळला. इतक्या दिवसांत लोक वाफवाल्यांना विचारत होते, जेवलात का, झोप लागते का, लेकीकडे का जात नाही. तिला कुणी काही विचारत नव्हतं. आणि हे कुठलं कोण माणूस, सकाळी सकाळी विचारत होतं, आज श्वास कसा आहे.

कारखान्यात हजेरीची एक रीत होती. मुकादम दारातूनच नावं पुकारायचा. आत वाफेमुळं कुणाचं तोंड दिसायचं नाही, नुसतं ‘हजर’ ऐकू यायचं. एखादीचं पोर तापलेलं असलं, एखादीला उशीर झाला, तर शेजारची आवाज बदलून तिची हजेरी देऊन टाकायची, नाहीतर यंत्रावरची जागा दुसरीला जायची. यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. माणूस आपलं, जागा त्याची, तो येईपर्यंत आपण सांभाळायची. एकदा इस्त्रीवालीलाच उशीर झाला तेव्हा ओळीतल्या सगळ्या जणी गोंधळल्या, आणि भिंतीच्या भोकातून वाफवाल्यांनीच बारीक आवाज काढून ‘हजर’ म्हटलं. अख्खं दालन हसून लोळलं. मुकादमालाही कळलं असावं. पण त्यानं नावापुढं खूण केली.

तसंच झालं आताही. ठरवून काही केलं नाही. वाफवाल्यांचं एक बोट अक्षरं शोधत फिरलं आणि लिहून गेलं, ‘आज बरा आहे. जिना चढताना लागतो.’

*

लिहिणारी बाई होती. दवाखान्याच्या संशोधन विभागात बसून रुग्णांना निरोप धाडायचे, त्यांच्याशी बोलत राहायचं, तयार झाले तर तपासणीला आणायचं, हे तिचं काम. वाफवाल्यांनी मनात तिचं नाव ‘निरोपवाली’ ठेवून टाकलं. वाफवाले, इस्त्रीवाली आणि निरोपवाली, एका पंगतीला बसतील अशी.

तिचे प्रश्न साधे असायचे. रात्री उशा किती लागतात?

‘दोन,’ वाफवाल्यांनी लिहिलं. मग थोडं थांबून पुढं, ‘तिसरी नवऱ्याची ओढून घेते. तो कुरकुरतो, पण देतो.’

घरकामात मिस्टर मदत करतात का?

‘करतात. म्हणजे मी काम करते तेव्हा बाजूला उभं राहून कसं करायचं ते सांगतात.’

पलीकडून हसणारा चेहरा आला. ‘काकू, आमच्या खोलीत सगळे तुमचे मेसेज वाचायला थांबलेले असतात.’

वाफवाले आपल्याच बोटाकडे बघत राहिले. हे बोलणं त्यांचं नव्हतं. त्यांना असं बोलताच यायचं नाही, जन्मभर त्यांनी नुसतं ऐकून घेतलं होतं. पण आता टोमणा मारायला ती नव्हती, म्हणून तो त्यांच्याच हातून बाहेर पडत होता, तोच ठसका, तीच शेवटाला दिलेली मुरड. ते स्वतःला नावं ठेवायचे आणि ती नावं वाचून त्यांना बरं वाटायचं. ‘ऐकू कमी येतं त्यांना. पण मी शेजारणीशी काय बोलते ते भिंतीपलीकडून ऐकू येतं.’ ‘भाजी आणायला पाठवलं तर शिळी आणतात, वर म्हणतात भाजीवाल्याला वाईट वाटलं असतं.’ लिहून झालं की ते मोठ्यानं हसायचे. मग हसू ओसरायचं, आणि खोली जशीच्या तशी समोर उभी राहायची. तिची बाजू सपाट असलेला पलंग, खुंटीवरची पिशवी, खिडकीतून पलंगावर आडवं पडलेलं ऊन. त्या उन्हात सरकून बसायला कुणी नव्हतं.

एकदा निरोपवालीनं विचारलं, ‘कामावर असताना खोकला यायचा का? तेव्हा काय करायचात?’

वाफवाल्यांना हे उत्तर माहीत होतं. पण ते फार उशिरा कळलं होतं. कारखाना बंद पडल्यावर किती तरी वर्षांनी ती सहज बोलून गेली होती, भांडी पुसता पुसता. त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं.

‘यायचा. पण खोकणारीला मुकादम यंत्रावरून काढून कमी मजुरीवर घडी घालायला बसवायचा. म्हणून एखादीला उबळ आली की बाकीच्या मोठ्यानं गाणं म्हणायच्या. खोकला गाण्यात बुडून जायचा. पलीकडे माझा नवरा बसलेला असायचा, त्याला वाटायचं आम्ही खुशीत आहोत.’

 उत्तर आलं, ‘काकू, हे आम्हाला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नसतं.’ आणि खाली, ‘तुम्ही प्रत्यक्ष या ना. फुंकर मारायची एक तपासणी आहे, दुखत नाही. तुमच्यासारख्यांसाठी या फेरीत थोड्या जागा राखून ठेवल्यात. त्यातली एक तुमच्या नावानं धरून ठेवते.’

जागा. धरून ठेवते. वाफवाल्यांना मुकादमाची हजेरी आठवली. जागा धरणं म्हणजे वाईट कसं, असंच त्यांना तेव्हा वाटलं.

मग बहाणे सुरू झाले. पाहुणे आलेत. गुडघा धरलाय. लेक यायचीय. प्रत्येक बहाण्याला निरोपवाली ‘हरकत नाही काकू’ म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा श्वास विचारायची. लेकीचा फोन आला की वाफवाले आवाजात उगाच उत्साह आणायचे.

“बाबा, दिवसभर करता काय?”

“काही नाही. जरा लिहिणं-वाचणं.”

“तुम्ही? लिहिणं?” लेक हसली. “आईनं ऐकलं तर…” आणि मध्येच थांबली.

“हं,” वाफवाले म्हणाले. “चल, ठेवतो. दूध वर येतंय.”

दूध वर येत नव्हतं.

*

“भाऊजी, आहात का?”

दुपारची वेळ. धाकली चौकटीला हात लावून उभी होती, बोलण्याआधी श्वास गोळा करत.

“ये, बस. जिना एका दमात चढू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं.”

“एका दमात कुठं. मधल्या पायरीवर बसून आले. तिथं मांजरही बसलं होतं, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, आधी कोण उठतंय.” ती खुर्चीत टेकली. पदार्थ शिजताना झाकण हलतं तसे तिचे खांदे हलत होते. “हे वाचा जरा. माझं वाचून झालंय, पण खात्री पटत नाही.”

तिनं फोन पुढं केला. वाफवाल्यांनी अ‍ॅपचा रंग पाहिला आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

“आधी वाटलं, लॉटरी लागल्याचा मेसेज. पुसणारच होते. पण वाचलं तर आपलंच सगळं. वाफ, उभं राहणं, औषधाचा वास. आणि भाऊजी, खोकला आला की गाणं मोठ्यानं म्हणायचो, तेसुद्धा. हे त्यांना कुणी सांगितलं असेल?”

“असेल कुणीतरी.”

“वहिनी असती तर म्हटलं असतं, हिनंच सांगितलं. ओळीत तीच होती तोंडाची.” धाकली हसली, हसताना खोकली, खोकून झाल्यावर डोळे पुसले. “म्हणून मी उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्याला आपणहून उत्तर दिलं. तर हे बघा काय आलं.”

वाफवाल्यांनी वाचलं. ‘तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. या फेरीत बायकांसाठी राखलेल्या जागा भरल्या आहेत. एका काकूंची तपासणी व्हायची राहिली आहे. त्या आल्या नाहीत तर ती जागा तुमची. पुढची फेरी होईल की नाही, ते आज सांगता येत नाही.’

“कोण बया आहे कुणास ठाऊक,” धाकली म्हणाली. “येत का नाही ती? मला आत्ता बोलावलं तर मी चपला घालून तयार.”

“जमत नसेल तिला.”

“मग नाही म्हणावं ना. इथं माणूस वाट बघतंय.” मग तिचा तिनंच राग आवरला. “जाऊ दे. माझ्याहून वाईट असेल तिची छाती. जिना उतरवतही नसेल बिचारीला. मी काही तिचं वाईट चिंतत नाही. मिळू दे तिला.”

वाफवाले खिडकीकडे बघत होते. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

“नवीन औषध मिळेलच असं नाही, तेही लिहिलंय त्यांनी, प्रामाणिकपणे,” ती म्हणाली. “पण महिन्या-महिन्याला कुणीतरी छातीला नळी लावून ऐकेल तरी. आजवर माझी छाती ऐकली असेल तर ती वहिनीनं. शेजारी उभी असायची ना. मला उबळ यायच्या आधी तिला कळायचं. लगेच गाणं उचलायची.”

ती उठली. वाफवाल्यांनी तिला हात दिला, जिन्यापर्यंत सोडलं, वर उभे राहून तिचं उतरणं ऐकलं. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. मधल्या पायरीवर ती फार वेळ थांबली. जिवंत माणसाचा श्वास कसा वाजतो ते त्यांना वरपर्यंत ऐकू येत होतं.

*

ते तिचा फोन घेऊन पलंगावर बसले. लिहायचं काय, ते सोपं होतं. ती नाही. जागा सोडली. दुसरीला द्या. पण पडद्यावर वर तिचं नाव होतं, नावाशेजारी लेकीनं काढलेला तिचा फोटो, उन्हामुळं एक डोळा बारीक केलेला. या फोनवरून जे जाईल ते तिच्याच तोंडून जाणार. इतके दिवस तिच्या तोंडून तिचा श्वास सांगितला, तिच्या उशा सांगितल्या, तिचे टोमणे मारले. आता तिच्याच तोंडून तिचं मरण कसं वदवायचं? बोट अक्षरांवर गेलं आणि मागं आलं. पुन्हा गेलं, पुन्हा मागं आलं. खुडून ठेवलेल्या भाजीसारखी दुपार सुकत गेली.

ते लिहिलं, की उद्यापासून कुणी तिला विचारणार नव्हतं. हेही होतंच. ते स्वतःपासून लपवण्यात आता अर्थ नव्हता.

तेवढ्यात फोनच बोलला. ‘काकू, आता मी तुमचं काही ऐकणार नाही. उद्या सकाळी मी स्वतः गाडी घेऊन येते. जिन्याची काळजी करू नका, हात धरून उतरवते. याल ना?’

वाफवाल्यांनी ‘येऊ नका’ लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, ‘या.’

*

निरोपवाली त्यांच्या लेकीहूनही लहान निघाली. खांद्यावर मोठी पिशवी, कपाळावर घाम, आणि चेहरा असा, की फार दिवसांनी आपल्या माणसाकडे आलोय.

“तुम्ही काका ना? लगेच ओळखलं. शिळी भाजी आणणारे.” आणि जीभ चावून, “माफ करा हं. काकूंनीच सांगितलंय.”

“बसा.”

“काकू तयार होतायत का? होऊ दे सावकाश. मी थांबते.” ती खुर्चीच्या काठावर बसली. नजर आतल्या दाराकडे. “आमच्या तिथं काकूंना सगळे ओळखतात, काका. खरं सांगू? आधी आम्ही शेकडो लोकांना मेसेज पाठवले आणि या भागातून एकही उत्तर नव्हतं. लोक म्हणायचे, या वस्तीतली माणसं येतच नाहीत, त्यांना पर्वाच नसते. मग काकू बोलायला लागल्या. त्यांचं ते खोकल्याचं आणि गाण्याचं, ते मी पुढच्या मेसेजमध्ये घातलं. त्यांना विचारायला हवं होतं, पण राहवलं नाही. त्यानंतर या बायकांनी लिहायला सुरुवात केली. एकीनं तर आख्खं गाणं लिहून पाठवलं.”

“कुठलं?”

“सुरकुतीचं. माझ्या जिवाची सुरकुती.”

“तशीच गं घडीत,” वाफवाल्यांनी ओळ पुरी केली.

“परवा बैठकीत मला सांगितलं, ही बाई येणार नाही, नाव काढून टाक आणि जागा पुढं दे. मी हट्ट धरला. म्हटलं, नाही काढणार. अशा बायकांना आपण आधीच फार वेळा काढून टाकलंय.” तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग लाजून म्हणाली, “घाई नाही. पण आज संध्याकाळी ही फेरी बंद होते.”

आतल्या खोलीत अर्थातच काही हललं नाही. वाफवाले उठून त्या दारापर्यंत गेले. आत पलंग, खुंटी, ऊन. तिला तयार व्हायला नेहमी वेळ लागायचा, आणि ते असेच दारात उभे राहायचे. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग वळले.

“गाडीत किती माणसं बसतात?”

“तिघं-चौघं. तुम्हीही या ना.”

“खाली, जिन्याच्या उजव्या हाताला, एक बाई राहते. इस्त्रीच्याच ओळीत होती. तिला न्या.”

“त्यांचं उत्तर आलंय आम्हाला. मला माहीत आहेत त्या.” निरोपवाली गोंधळली. “पण जागा एकच आहे, काका. ती काकूंची आहे.”

“ती तिला द्या. तिची छाती वाईट आहे. काल मी जिन्यावर ऐकली. तिला मधल्या पायरीवर बसावं लागतं.”

“आणि काकू? त्यांना यायचं नाहीये का? रागावल्यात का माझ्यावर, न विचारता लिहिलं म्हणून?”

“नाही. रागावली नसती. चारचौघांत मिरवली असती.”

त्या ‘असती’नं निरोपवालीचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं उठून आतल्या दारातून पाहिलं, सपाट पलंगाकडे, मग वाफवाल्यांकडे. खांद्यावरची पिशवी तिनं जमिनीवर ठेवली.

“काका,” ती म्हणाली. “काकू कुठं आहेत?”

वाफवाल्यांनी तोंड उघडलं.  

“ती गेली,” ते म्हणाले. “थंडी ओसरत होती तेव्हा. सकाळी मी उठवायला गेलो तर उठली नाही. तुम्ही श्वास विचारलात, तेव्हा ती नव्हती. ते सगळं मी लिहीत होतो. लिहिलेलं खोटं नाही, एकेक शब्द तिचाच आहे, पण ती नाही.” ते थांबले, आणि मग जणू खोलीत आणखीही कुणी ऐकत असल्यासारखे हळूच म्हणाले, “माझी बायको गेली, बाई. लेकीलासुद्धा दुसऱ्यानं सांगितलं. माझ्या तोंडानं मी हे आज पहिल्यांदा बोलतोय.”